शेवटचे पान आणि घराचा आनंद

(‘गृहस्थजीवनातील आनंद’ या विषयावरील व्याख्यानाचे शब्दांकन)



वैशाखातील एखादी सकाळ डोळ्यांसमोर आणावी. गच्चीवर जुने, स्वच्छ धुतलेले लुगडे अंथरलेले आहे. वाऱ्याने उडू नये म्हणून त्याच्या चारही कोपऱ्यांवर विटा ठेवल्या आहेत. तीन दिवसांपासून घरात गहू भिजत होते आणि रोज त्यांचे पाणी बदलले जात होते. मग ते वाटले गेले, पिळून चोथा वेगळा काढला गेला आणि गाळलेला चीक रात्रभर निवळत राहिला. पहाटे वरचे पाणी ओतून देऊन तो चीक मोठ्या पातेल्यात शिजत घातला आहे. त्या पातेल्याभोवती घरातील धाकटी मंडळी हातात वाट्या घेऊन उभी आहेत. कुरडया उन्हात वाळायला दोन-तीन दिवस लागतील. परंतु गरम चिकाच्या वाटीला इतका धीर कोठला? ती वाटी संपली की मुलांवर दिवसभराची जबाबदारी येते. हातात काठी घेऊन कावळे हाकलायचे. राखणदारच अधूनमधून अर्धवट वाळलेली कुरडई मोडून तोंडात टाकतो, हे घरातील वडीलधाऱ्यांना ठाऊक असते; पण त्याकडे कानाडोळा करण्याची रीतही तितकीच जुनी असते.

महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरात वाढलेल्या आणि आज साठीच्या आसपास असलेल्या कोणालाही बालपणातील आनंदाविषयी विचारावे. एखाद्या थाटाच्या लग्नातील पंक्तीत काय वाढले होते, ते त्याला सांगता येणार नाही. परंतु तेलाचे बोट लावून खाल्लेली कच्च्या पापडाची लाटी, आषाढ अमावास्येला वाफवलेले कणकेचे गोड दिवे, गणपतीच्या आदल्या दिवशी खोवलेल्या नारळाचा पळवलेला मूठभर कीस, हे सारे तो काल घडल्यासारखे सांगेल. असे का व्हावे? पक्वान्न विसरले जाते आणि पापडाची लाटी साठ वर्षे जिभेवर राहते, याचे मर्म काय? घराच्या आनंदाचा विचार येथूनच सुरू करणे उचित ठरेल.

आठवण कोठे वस्ती करते?

या प्रश्नाचे एक उत्तर शरीरशास्त्र देते. दृष्टी, श्रवण, स्पर्श यांचे संदेश मेंदूतील थॅलॅमस या मध्यवर्ती ठाण्यातून पुढे जातात. गंधाची वाट निराळी आहे. नाकातून निघालेला संदेश त्या ठाण्यावर न थांबता भावनांशी निगडित असलेल्या अमिग्डाला या भागाकडे आणि स्मृती साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पसकडे जवळच्या वाटेने पोहोचतो. म्हणून तुपात बेसन भाजल्याचा वास आला की परगावी नोकरीस असलेल्या प्रौढ माणसालाही क्षणभर आपले जुने घर दिसते. वास आधी येतो, डोळे आधी ओलावतात. त्याचे कारण बुद्धीला मागाहून कळते.

परंतु एवढ्याने उत्तर पुरे होत नाही. बेसन मिठाईच्या दुकानातही भाजले जाते आणि कदाचित अधिक चांगले भाजले जाते. त्या दुकानावरून शेकडो वेळा जाऊनही मनात काही हलत नाही. मग घरातल्या वासात वेगळे काय असते?

वर सांगितलेल्या आठवणी पुन्हा एकदा पाहाव्यात. त्या प्रत्येकीत मूल काहीतरी करीत आहे. ते कावळे हाकलते आहे, पापडाच्या लाट्या मोजते आहे, कातण्याने करंजीची कड कापते आहे, मोदकाच्या कळ्या पाडण्याचा प्रयत्न करून पारी फाडते आहे. नवरात्रातील भोंडल्याचेच पाहा. पाटावर हत्ती रेखून मुली फेर धरीत आणि शेवटी झाकलेल्या डब्यातील खिरापत ओळखण्याचा खेळ रंगे. कोणालाही ओळखता येऊ नये असा पदार्थ शोधण्यासाठी त्या त्या घरची आई दोन दिवस विचार करी. खिरापत हातावर येई ती जेमतेम चमचाभर. पण ती ओळखण्यात प्रत्येक मुलीचा वाटा असे. म्हणूनच ती लक्षात राहिली.

पाहुण्याला चव मिळते. घरच्या माणसाला आठवण मिळते. या दोहोंमधील अंतर हाताने पार करावे लागते. ज्या अन्नाला मुलाचा हात लागला, ते अन्न त्याच्या आयुष्यात मुक्कामाला आले.

भाजणी शिकवते ते

दिवाळीच्या चकलीची भाजणी घ्या. प्रत्येक घराचे प्रमाण थोडे निराळे असते. तरीही सर्वांत अधिक तांदूळ, त्याच्या निम्मी हरभऱ्याची डाळ आणि तिच्याही निम्मी उडदाची डाळ, अशी एक रूढ रीत आहे. तांदूळ धुऊन सावलीत वाळवायचे. प्रत्येक धान्य वेगवेगळे भाजायचे. कारण प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा. आच मंद ठेवायची. शेवटी धने-जिरे हलकेच गरम करून घालायचे. पुढे पीठ भिजवताना मोहनाची कसोटी लागते. मोहन अधिक झाले तर चकली तेलात विरते आणि कमी पडले तर दाताला जुमानत नाही.

नऊ-दहा वर्षांचे मूल या सर्वांत वावरले तर त्याला काय मिळते? सर्वांना एकाच आचेवर, एकाच वेळी भाजता येत नाही, हे त्याला कळते. घाई केली की बाहेरून रंग येतो आणि आत कच्चे राहते, हे त्याला दिसते. चांगल्या वस्तूचाही अतिरेक झाला की घडलेले मोडते, हे कढईतील विरघळलेली चकली त्याला दाखवते. कोणीही उपदेश केलेला नसतो, तरी धडा पक्का होतो. संस्कार हा शब्द सभांमधून पुष्कळदा उच्चारला जातो. त्याची खरी जागा अशा सोऱ्याच्या दांडीवर असते.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. पुष्कळ जण खंतावून म्हणतात की आजीबरोबर तिचे पदार्थ गेले, आता ते कोणाला येणार? ही खंत संपूर्ण खरी नाही. लक्ष्मीबाई धुरंधर यांनी १९१० साली ‘गृहिणी-मित्र’ या ग्रंथात एक हजार पाकक्रिया मराठीत आणल्या. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. ‘अंदाजाने घाला’ या जुन्या सांगण्याऐवजी त्यांनी वाटी आणि चमचा ही घरोघरी असलेली मापे वापरली. शहरातील दोन खोल्यांच्या संसारात सासू वा आई जवळ नसलेल्या नवविवाहितेला या पुस्तकाने मोठा आधार दिला. आज तीच कृती हातातील मोबाईलवर पाहून शिकता येते. पदार्थ हरवत नाहीत. त्यांना कागद सांभाळतो, यंत्रही सांभाळते. हरवू शकते ते निराळेच. चार जणांनी एका परातीभोवती बसण्याची वेळ कोणत्याही पुस्तकात साठवून ठेवता येत नाही.

अळणी भाजीचा दुसरा अर्थ

आता या आनंदाच्या थोड्या अवघड बाजूकडे वळले पाहिजे. ती टाळून केलेले घराचे गुणगान अपुरे ठरेल.

साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून पूर्ण केली. मराठी घरांत हे पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले आहे. त्यातील अळणी भाजीची गोष्ट अनेकांना स्मरत असेल. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील जेवताना त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत, उलट भाजी चांगली झाल्याचे सांगतात. मुलेही गुपचूप जेवतात. मागाहून आई जेवायला बसते, तेव्हा तिच्या लक्षात येते की भाजी अळणी आहे. आपण सर्वांना अळणी भाजी वाढली, या विचाराने ती हळहळते.

या गोष्टीचा पहिला अर्थ सर्वांना परिचित आहे. जिने राबून अन्न रांधले तिचे मन दुखवू नये, जिभेपेक्षा माणूस मोठा मानावा. हा अर्थ थोर आहे आणि तो कधीही जुना होणार नाही. ताटात मीठ कमी पडले म्हणून घर डोक्यावर घेणाऱ्यांनी तो रोज आठवावा.

परंतु याच गोष्टीत दुसरा एक अर्थ शांतपणे बसलेला आहे. भाजी अळणी आहे हे घरातील सर्वांना कळले आणि तिला सर्वांच्या शेवटी कळले, कारण तिचे पान शेवटचे होते. सर्वांची जेवणे झाल्यावर, उरलेले पातेल्यात पाहून, गार झालेल्या अन्नाशी ती बसली. श्यामच्या घरातील माया निर्विवाद होती; पण त्या मायेने भरलेल्या घरातही आईचे पान शेवटीच मांडले जाई. अशी घरे महाराष्ट्रात लक्षावधी होती आणि शेवटचे ते पान कोणाला खटकतही नव्हते.

बालपणीच्या ज्या गरम चिकाचे, ज्या खमंग भाजणीचे वर्णन आताच झाले, त्यासाठी पहाटे चारला कोण उठले होते? कावळे हाकलणाऱ्या मुलाला ती सुट्टीतील मौज वाटली; चीक घोटून घोटून खांदे भरून आलेल्या बाईला ती मौज वाटली असेल का? घरच्या अन्नाच्या आठवणी गोड आहेत, हे खरेच. परंतु त्या गोडीची किंमत पुष्कळदा एकाच व्यक्तीने मोजली आहे. ज्यांना आठवणींचा आनंद मिळाला त्यांनी हे ऋण मान्य केले पाहिजे.

हे केवळ गतकाळाचे चित्र नव्हे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ आणि २०२४ या वर्षांत देशातील माणसे आपला दिवस कसा घालवतात याची पाहणी केली. २०१९ च्या पाहणीत घरच्यांसाठीच्या विनावेतन घरकामात शंभरातील सुमारे ८१ स्त्रियांचा सहभाग होता. पुरुष मात्र शंभरात सुमारे २६ होते. जे हे काम करतात त्यांच्यातही स्त्रियांचे रोज सरासरी २९९ मिनिटे त्यात जात होती, तर पुरुषांची ९७. पाच वर्षांनंतर, २०२४ मध्ये, स्त्रियांची मिनिटे २८९ झाली आणि पुरुषांची ८८. म्हणजे स्त्रीच्या वाट्याला जवळजवळ पावणेपाच तास आणि पुरुषाच्या वाट्याला दीड तासाहून थोडे कमी. नोकरी करून सायंकाळी घरी आलेल्या सुनेला ओट्यापाशी पुन्हा तितकेच उभे राहावे लागत असेल, तर ‘घरचे जेवण म्हणजे आनंद’ हे वाक्य तिच्यासमोर उच्चारताना घरातील इतरांनी क्षणभर थांबावे.

देवाने खुंटा धरला

यावर कोणी म्हणेल की स्वयंपाक हे बायकांचेच क्षेत्र, ही परंपरा आहे. परंपरा तेवढीच आहे काय?

पंढरपुरात नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबणाऱ्या जनाबाईची कथा वारकरी सातशे वर्षे सांगत आले आहेत. जनाबाई दळायला बसली की साक्षात पांडुरंग जात्याचा खुंटा धरतो, तिच्याबरोबर शेणी वेचतो. लोकमानसाने ही कथा इतक्या प्रेमाने जपली, याला अर्थ आहे. ज्या घरकामाला जगात कोणी मोल देत नव्हते, त्याला देवाचा हात लागला पाहिजे, असे समाजाच्या अंतर्मनाला वाटत होते. देवाला दळण कमीपणाचे वाटले नाही. मग माणसाला का वाटावे?

महाभारतातील भीम अज्ञातवासात विराटाच्या घरी बल्लव होऊन स्वयंपाक करतो. नलराजाचे पाककौशल्य तर दृष्टांतासाठी सांगितले जाते. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात अन्नभोगाचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात मांड्यांपासून अनेक पदार्थांची वर्णने आहेत. राज्य चालवणाऱ्याला स्वयंपाकाचे तपशील लिहिणे उणेपणाचे वाटले नाही. गोपाळकाल्याचे स्मरणही येथे करावे. प्रत्येक सवंगड्याने आपापली शिदोरी आणली, ती एकत्र कालवली गेली आणि मग सर्वांनी मिळून खाल्ली. त्या पंक्तीत शेवटचे पान कोणाचेच नव्हते.

घरकाम हे ‘काम’ आहे, याची आणखी एक साक्ष मुंबईच्या गिरगावात मिळते. तेथे १५ मार्च १९५९ रोजी सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला आरंभ केला. त्यातूनच लिज्जत पापड हा महिला गृहउद्योग उभा राहिला आणि हजारो स्त्रियांच्या हाताला मिळकत मिळाली. पापड तेच, पोळपाट तोच, मनगटही तेच. गच्चीवर लाटले तेव्हा ‘दुपारी काय केले?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ असे उत्तर मिळे. बाजारात त्याचे मोल झाले, तेव्हा ते कौशल्य ठरले. घराने त्याचे मोल पैशांत करू नये. पण मोल करावे, हे निश्चित.

एक घर

शेवटी एक घर कल्पनेने पाहावे. दिवाळीला पाच दिवस उरले आहेत आणि घरातील आजी पाय घसरून पडल्यामुळे तिचे उजवे मनगट प्लास्टरमध्ये आहे. मुलगा आणि सून दोघेही नोकरी करणारे. आजोबा निवृत्त होऊन दहा वर्षे झालेली; ओट्याजवळ ते केवळ चहाचा कप ठेवण्यापुरते गेलेले. नातू नऊ वर्षांचा. पहिला विचार अर्थातच विकतच्या फराळाचा होतो. त्यात काही पाप नाही. अडीअडचणीला तो मोठा आधार आहे. परंतु नातू हट्ट धरतो की चकली घरीच व्हायला हवी.

मग आजी खुर्चीवर बसते आणि इतर चौघे तिचे हात होतात. आजोबा धान्य भाजतात. “आच कमी करा,” हे त्यांना चार वेळा ऐकावे लागते. मुलगा गिरणीतून दळण आणतो. सून पीठ भिजवते आणि नातू सोऱ्या फिरवतो. पहिली चकली तेलात विरते. मोहन जास्त झाले, आजी सांगते. कोरडी भाजणी घाला. दुसऱ्या घाण्याच्या चकल्या आकाराने वेड्यावाकड्या निघतात, पण टिकतात. त्यांतील एक देवापुढे ठेवली जाते. दुसरी नातू आजीच्या डाव्या हातावर ठेवतो.

ती तुकडा मोडून तोंडात टाकते, क्षणभर थांबते आणि म्हणते, “मीठ कमी आहे.”

पिठात मीठ घातले जाते आणि पुढचा सारा घाणा नीट होतो. चव पाहण्याचा मान तिला आधी मिळाला, म्हणून उणीव वेळेवर कळली. कोणाला गप्प राहावे लागले नाही, कोणाला मागाहून हळहळावे लागले नाही. त्या नातवाला पन्नास वर्षांनी आपली दिवाळी आठवेल तेव्हा त्यात आजीचे प्लास्टर असेल, आजोबांच्या कपाळावरचा घाम असेल आणि विरघळलेली ती पहिली चकलीही असेल. आपल्या आईच्या जागी आपले वडील भांडी विसळत होते, हेही त्याला आठवेल. आणि स्वतःच्या घरात तो तसे करील, तेव्हा त्याला ते कोणी शिकवावे लागणार नाही.

घराचा आनंद जपण्यासाठी फार मोठ्या संकल्पांची आवश्यकता नाही. आठवड्यातून निदान एक स्वयंपाक सर्वांनी मिळून करावा. त्यात मुलगा आणि मुलगी असा भेद करू नये. मुलांच्या हातून सांडेल, करपेल. ते हसून सोसावे. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना त्यांची मापे विचारून वहीत लिहून घ्यावीत आणि त्या लिहिण्याच्या निमित्ताने त्यांच्यापाशी बसावे. दूरदर्शन संच आणि मोबाईल जेवणापुरते बाजूला ठेवावेत. आणि यांतील काहीच जमले नाही, तरी एक गोष्ट आज रात्रीपासून करता येईल.

जेवायला बसण्यापूर्वी घरातील पाने मोजावीत. माणसे जितकी, तितकी पाने एकाच वेळी मांडली गेली आहेत ना, एवढे पाहावे. एखादे पान कमी असेल तर ते कोणाचे, हे विचारावे लागणार नाही. ते मांडावे, तिला हाक मारावी आणि ती येऊन बसेपर्यंत कोणीही पहिला घास घेऊ नये.